ओरगडमच्या कँटीनमधली निवडणूक

सांबार किती पातळ चालतं यावर आपल्याला पुढे निकाल द्यावे लागतील, असं पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करताना मला कुणीच सांगितलं नव्हतं. सामाजिक विषमता हा माझा खास पेपर. लोक एकाएकी एखाद्या मोठ्या आवाजाच्या माणसामागे का जातात, जुनी जाणती माणसं त्यांना का नकोशी होतात, यावर मी परीक्षेत पुरवण्या जोडून लिहिलं होतं. मग चेन्नईला नोकरी लागली. ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या एचआरमध्ये, कामगारांच्या सोयीगैरसोयी बघायला. पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारी म्हणजे दुसऱ्या पाळीच्या बसचा पंखा बंद आहे, हात धुवायच्या नळाला पाणी थेंबथेंब येतं आणि रसम म्हणजे नुसतं चिंचेचं पाणी आहे. मी चांगलीच हिरमुसले. आपण समाज बघायला आलो आणि आपल्याला नळ दुरुस्त करायला बसवलं, असं मी आईला बसमधून फोनवर सांगत होते.

त्याच फोनमुळे मला काका भेटले. तांबरमहून सुटणारी कंपनीची बस होती, सकाळची वेळ. मी फोन ठेवला तसं मागच्या सीटवरून कुणीतरी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही मराठी बोलतांत काय?" वळून बघते तर टाइम ऑफिसमधले, हजेरी बघणारे वयस्क क्लार्क. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, मांडीवर नाश्त्याचा स्टीलचा डबा. आठवडाभर मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते आणि तेही बिचारे माझ्याशी इंग्रजीतच बोलत होते.

ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीतरी तिकडे गेले ते तिथलेच झाले. वडील चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात कारकून, म्हणून काकांचं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. 'सगळे' म्हणायचं तिथं ते 'अवघे' म्हणत, 'मला'च्या जागी 'मज', आणि वाक्याच्या शेवटी तमिळचा सूर असा काही वर नेत की साधं 'जेवलांत काय'सुद्धा गाण्याच्या अंगानं जाई. मला ते बाईच म्हणत राहिले. आमच्याकडे बाई म्हणजे शाळेतली नाहीतर धुण्याभांड्याची, असं मी त्यांना एकदा चिडवलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, आमच्याकडे बाई म्हणजे बाई.

शब्दांनी आमची फजिती वरचेवर व्हायची. एकदा ते माझ्या दारात येऊन "बाई, अवसर आहे" म्हणाले. अवसर म्हणजे सवड, असं समजून मी निवांत कॉफी संपवली, वर त्यांनाही बसा म्हटलं. तमिळमध्ये अवसर म्हणजे घाई, तातडी. बाहेर फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन उभे होते. त्या दिवशी मी काकांवर उगाच खेकसले. माझा स्वभाव तापट आहे, घरातही सगळे तेच सांगतात. काका मात्र दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी पुरणाची पोळी घेऊन आले आणि विषय संपला.

हळूहळू माझं त्यांच्या घरी येणंजाणं सुरू झालं. रविवारी दुपारी काकू पितळी टंबलरमध्ये कॉफी द्यायच्या आणि काकांपेक्षा दुप्पट वेगानं बोलायच्या. त्यांची मुलगी सगळं समजून घेऊन उत्तर तमिळमध्ये द्यायची. तिथं ऐकलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. लहानपणी शाळेत पोरं काकांना 'मराट्टी' म्हणून हाक मारत. मोठेपणी ते एका लग्नासाठी आयुष्यात एकदाच पुण्याला गेले, तर तिथं रिक्षावाल्यानं विचारलं, मद्रासी का. हा किस्सा ते हसतहसत सांगत, पण सांगून झाल्यावर दर वेळी चष्मा काढून पुसत.

कारखान्यात काकांचा खरा मान होता तो कँटीन कमिटीमुळे. कँटीनवर देखरेख ठेवायला कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी लागतात. बाकीच्या जागा बदलत, काकांची बदलत नसे. कित्येक वर्षं त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं. रोज बाराच्या आधी ते टाइम ऑफिसमधून उठत, स्वयंपाकघरात जात, पळीतलं सांबार तळहातावर घेत, चाखत आणि काय कमी ते सांगत. आचारी त्यांना टरकून असे. तांदळाचं पोतं उघडताना ते हजर असत. तेल नवं की कालचं, हे त्यांना कढईच्या वासावरून कळे. कँटीनच्या ठेकेदाराशी ते जसे भांडत तसं भांडताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही, आणि मी स्वतःला भांडकुदळ समजते.

जेवायच्या जागा दोन होत्या. पर्मनंट कामगार आणि आम्ही ऑफिसवाले मोठ्या हॉलमध्ये, पंख्यांखाली बसायचो. काँट्रॅक्टवाले मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी बाकांवर. स्वयंपाक एकच, पातेलंही एकच. फक्त हॉलमध्ये वाढून झालं की मग ते पातेलं शेडकडे जाई, आणि तोवर त्यातल्या शेंगा-भोपळा संपलेला असे. काका शेडमध्येही जात, तिथलं सांबारही उभ्याउभ्या चाखत आणि आचाऱ्याला हाक मारून त्यात भाजी घालायला लावत. मी त्या शेडवरून दिवसातून चार वेळा जात होते. विषमतेवर पुरवण्या लिहिणाऱ्या मला तिथं वाकून बघावं असं कधी वाटलं नाही. जागेची सोय तशी आहे, एवढंच मनात येई.

मग एका उन्हाळ्यात शेडचे पत्रे असे तापले की काँट्रॅक्टच्या बायका ताटं घेऊन सरळ हॉलमध्ये आल्या आणि रिकाम्या टेबलांवर बसल्या. पुढे होती झाडलोट करणाऱ्या बायकांची मुकादम. पन्नाशीची, काटक, फार न बोलणारी. आज जिथं कारखान्याचं पेंट शॉप आहे तिथं तिच्या सासऱ्यांचं भुईमुगाचं शेत होतं, असं लोक सांगत. ती स्वतः कधी सांगत नसे. तिच्या मागून फोर्कलिफ्ट चालवणारा एक तिशीतला गडी आला, तोही काँट्रॅक्टचाच, आणि त्याच्या मागून आणखी बरेच. पर्मनंटवाल्यांची कुरकुर सुरू झाली, आवाज चढले, आणि कुणीतरी मला बोलावून आणलं.

शहाणपणानं वागायचं तर मी काकांना हाक मारायला हवी होती. पण मी नुकताच तमिळचा क्लास लावला होता आणि अंगात वारं शिरलं होतं. मला म्हणायचं होतं, अहो, इथं प्रत्येकाला काही मर्यादा आहेत, त्या पाळा. मर्यादेला तमिळमध्ये काय म्हणत असतील? 'मरियादै' हा शब्द मी रोज कानांनी ऐकत होते. एकाच घरातून दोन्हीकडे गेलेला शब्द, त्याचा अर्थ कुठं बदलणार? मी कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "इंगे एल्लारुक्कुम मरियादै इरुक्कु."

हॉल गप्प झाला. मला वाटलं, वचक बसला. मग मुकादमबाईनं ताट टेबलावर ठेवलं आणि टाळी वाजवली. तिच्या मागून बाकीच्यांनी वाजवल्या, फोर्कलिफ्टवाल्यानं शिट्टी मारली, आणि मी बावळटासारखी हसत उभी राहिले. तेवढ्यात काका धावत आले. त्यांनी मला बाजूला घेऊन कपाळाला हात लावला. "बाई, मरियादै म्हणजे मान. इथें अवघ्यांस मान आहे, असं बोल्लांत तुम्ही."

मी लगेच चूक दुरुस्त करायला निघाले होते. काकांनी माझा रस्ता अडवला. एवढ्या लोकांसमोर दिलेला मान परत कसा मागणार, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी त्या बायका हॉलमध्येच जेवल्या.

प्लँटचे मोठे साहेब कटकट समोर आली की जांभई देणारे गृहस्थ. ते माझ्यावर भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ठरवून टाकलं की हॉलमध्ये सगळ्यांना बसवायला जागा नाही, तेव्हा उद्यापासून शेड आहे तशीच चालू. पण मॅडमनी जाहीर शब्द दिलाय, तर काहीतरी द्यायला हवं. म्हणून या खेपेला कँटीन कमिटीच्या निवडणुकीत काँट्रॅक्टवाल्यांनाही मत देऊ दे, उभंही राहू दे. मागणी मोठी असली की मागणाऱ्याच्या हातावर लहानशी गोष्ट ठेवून त्याला परत पाठवतात, यावर आमच्या अभ्यासात एक अख्खं प्रकरण होतं. मला ते पाठ होतं. त्या नोटिशीचा मसुदाही मीच लिहिला.

फोर्कलिफ्टवाल्यानं दुसऱ्याच दिवशी काकांविरुद्ध अर्ज भरला. गडी दिसायला रुबाबदार, केसांचा कोंबडा, बोलायला लागला की लोक हातातलं काम ठेवून ऐकत. सगळ्यांच्या फोनवर त्याचं पोस्टर फिरलं. फोर्कलिफ्टवर हात जोडून उभा, मागे पांढरी कबुतरं, खाली लिहिलेलं 'नम्म आळु', म्हणजे आपला माणूस. चिन्हं हवीत असा त्यानंच आग्रह धरला. त्याला केळीचं पान मिळालं, काकांना कॉफीचा टंबलर. रोज अंडं देईन, शुक्रवारी बिर्याणी देईन, आणि चपाती बंद करीन, असं तो सांगत सुटला. चपाती हे वडक्कनांचं, उत्तरेकडच्यांचं खाणं. मी चिंचवडची, जन्मात पहिल्यांदा उत्तरेची झाले.

एवढ्यावर थांबला असता तर मी हसून सोडलं असतं. पण पुढे त्यानं असं पसरवलं की टाइम ऑफिसचे सर आणि एचआरच्या मॅडम कँटीनच्या कोपऱ्यात स्वतःच्या भाषेत कुजबुजतात, दोघं नात्यातले आहेत, चपाती होते ती त्या दोघांसाठीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही कोपऱ्यात बोलत होतो ते पुरणात जायफळ घालावं की वेलची, यावर.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. बाबा चिंचवडच्या कारखान्यातून रिटायर झालेले. ते माझ्याहून जास्त भडकले. माणूस जिथं घाम गाळतो तिथला होतो, ही बाहेरचा-आतला काय भाषा झाली, म्हणाले. मग त्याच दमात त्यांनी सोसायटीनं नवा वॉचमन बाहेरचा ठेवलाय, आपल्यातला कुणी मिळाला नसता का, हेही ऐकवलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फोर्कलिफ्ट छान चालवाल. त्यांना काही कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. बाबांवर माझा फार जीव आहे. त्यांच्यामुळेच मला त्या गड्याचा मनापासून राग कधी करता आला नाही.

काकांना रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. मी त्यांना म्हटलं, अर्ज मागे घ्या, कशाला अंगाला लावून घेता, शेवटचं वर्ष सुखानं काढा. बसमध्ये त्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सीट गेली तर जाऊं दे, बाई. पण हे लोक मज आपला म्हणतात कीं नाहीं, तें एकदां पाहून मग घरीं बसतों. इतकीं वर्षें कोणास विचारलेंच नाहीं."

खरंच होतं ते. दर वेळी बिनविरोध, म्हणजे त्यांना आजवर कुणी निवडलंच नव्हतं. पुण्याच्या रिक्षावाल्यानं एकदा उत्तर दिलं होतं, शाळेतल्या पोरांनी एकदा दिलं होतं. आता ओरगडमला काय उत्तर येतं ते त्यांना ऐकायचं होतं.

मी मदत करायची ठरवली, म्हणजे नसती लुडबुड करायची ठरवली. काका चपाती खातात ते उत्तरेचे म्हणून नव्हे, त्यांना शुगर आहे म्हणून. एवढं नुसतं चार लोकांच्या कानांवर घातलं तरी काम होईल, असं मी सुचवलं. काकांनी हात जोडले. आपलं दुखणं दाखवून ओटु, म्हणजे मत, मागायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि जाताजाता, माझ्याकडे न बघता, निवडणूक होईपर्यंत कँटीनमध्ये आपण मराठी बोलूं नये, असं म्हणाले. ते मला लागलं. पंधरा दिवस आम्ही हॉलमध्ये एकमेकांशी ऑफिसच्या इंग्रजीत बोललो, आणि संध्याकाळी बसमध्ये चढलो की दोघंही मराठीत सुटायचो.

त्या पंधरा दिवसांत मी फोर्कलिफ्टवाल्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यासाठी मला शेडच्या दाराशी उभं राहावं लागलं. तो फुगवून बोलायचा, खोटंही बोलायचा. पण कुणाच्या मुलीची परीक्षा कधी आहे, कुणाचं बोट मशीनमध्ये चेपलं, कुणाच्या घरी पाणी येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बाकावर दाटीवाटीनं बसून शेजाऱ्याच्या ताटातलं लोणचं उचलायचा. बायका त्याला दटावायच्या आणि परत वाढायच्या. बिर्याणीचं नाव निघालं की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याच्या आश्वासनांवर त्यांचा विश्वास होता असं मला दिसलं नाही. माझ्या पुस्तकांमधले लोक भूलथापांना फसून मत द्यायचे. इथं कुणी फसलेलं नव्हतं, आणि तरी सगळे त्यालाच मत देणार होते. ते का, हे मला काही केल्या कळेना.

मतदान टाइम ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात झालं. काका त्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते आणि त्याची घडी मोडू नये म्हणून बसमध्ये ताठ बसले होते. मोजणी मीच केली, दोघा साक्षीदारांसमोर. चिठ्ठ्या उघडत गेले तशी केळीच्या पानांची चळत उंच होत गेली. टंबलरची वाढेचना. शेडमधून काकांना बहुधा एकही मत पडलं नव्हतं, आणि हॉलमधूनही थोडीच पडली होती.

काकांनी निकाल उभं राहून ऐकला. फोर्कलिफ्टवाल्याचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं आणि आपल्या हजेरीच्या मशीनकडे परत गेले. तो गडीही जरा गांगरला, घोषणा देणारे चपापले. बसमध्ये काकांनी डोळे मिटले ते तांबरमपर्यंत उघडले नाहीत. झोपले नव्हते. मला रडू येत होतं, आणि माझ्याच तोंडून सुटलेल्या एका शब्दापायी हे सगळं झालं म्हणून स्वतःचा संतापही येत होता.

नव्या प्रतिनिधीनं पहिल्याच आठवड्यात चपाती बंद केली. दुसऱ्या आठवड्यात शुगरवाले कामगार त्याला घेराव घालून उभे राहिले, त्यातले निम्मे त्याचेच मतदार, आणि चपाती परत आली. अंडं रोज नाही, पण आठवड्यातून एकदा मिळायला लागलं. बिर्याणी काही आली नाही. शेडचं पुढे बघू, असं मोठे साहेब त्यालाही म्हणाले. एके दिवशी तो टाइम ऑफिसच्या दारात येऊन घुटमळला आणि जुनं तेल कसं ओळखायचं, असं त्यानं काकांना विचारलं. काका त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि कढईवर वाकवून वास घ्यायला लावला. शिकवताना ते जरुरीपेक्षा जास्त ओरडत होते, असं आचाऱ्यानं मला सांगितलं.

पण काका स्वतः हॉलमध्ये जेवायला येईनात. घरून डबा आणायचे आणि टाइम ऑफिसातच, मशीनकडे तोंड करून खायचे. मी दोनदा बोलवायला गेले, दोन्ही वेळा काम आहे म्हणाले.

मुकादमबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. एका दुपारी ती झाडू घेऊन टाइम ऑफिसात आली. मी तिथंच रजेचे अर्ज बघत होते. जेवायला का येत नाही, असं तिनं काकांना सरळ विचारलं. काकांनी आधी कामाचं निमित्त सांगितलं. मग त्यांना राहवलं नाही. मी तुमच्यासाठी भांडलो नाही का, माझं काय चुकलं, मी उत्तरेकडचा म्हणून तुम्ही असं केलंत का, असं त्यांनी तिला विचारलं. सगळं तमिळमध्ये, आवडी गावच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या तमिळमध्ये. एव्हाना मला तेवढं समजू लागलं होतं.

ती हसली. उत्तर आणि दक्षिण घेऊन आम्हांला काय करायचंय, म्हणाली. ते त्या गड्याचं बोलणं, त्याला बोलायला काहीतरी लागतं. मग तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"सार, तुम्ही आमच्यासाठी भांडलात, ते आम्हांला माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण इतक्या वर्षांत आमच्याजवळ बसून एक घास खाल्ला नाहीत. तो रोज बसतो."

तिनं रागानं म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर तिनं टेबलाखालचा केर काढला, काकांना पाय वर घ्यायला लावले आणि निघून गेली.

काकांनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. "खरं बोल्ली ती, बाई," ते म्हणाले. "मी सांबार चाखलों. जेवलों नाहीं." मी समजूत घालायला तोंड उघडलं. तुम्ही कमिटीच्या कामाला जात होतात, तुमची पद्धत ती, वगैरे. त्यांनी मान हलवली आणि तुम्ही तिथें कधीं जेवलांत काय, असं मला विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं. मी तर चाखलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी हॉलमधून ताट वाढून घेतलं आणि ते मागच्या दारानं बाहेर पडले. मीही माझं ताट घेऊन मागोमाग गेले. शेडमध्ये मरणाचं उकडत होतं. आम्हांला बघून बायका बोलायच्या थांबल्या. फोर्कलिफ्टवाला घास तोंडाशी धरून बघत राहिला. काका दारातच अडखळले. ताट दोन्ही हातांनी धरलेलं, सांबार काठाला आलेलं, आणि पुढे पाऊल टाकावं की नाही ते कळत नव्हतं. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

मुकादमबाईनं वर पाहिलं. ती बाकावर सरकली, शेजारणीला कोपरानं सरकवलं आणि मधल्या मोकळ्या जागेवर हात आपटून म्हणाली, "अण्णा, इंगे उक्कारुंगा." अण्णा, म्हणजे दादा, इथं बसा. काल ती त्यांना सार, म्हणजे साहेब, म्हणाली होती.

काका बसले. कुणीतरी त्यांच्या ताटात लोणच्याची फोड टाकली. त्यांनी पहिला घास घेतला आणि मीठ कमी आहे हे सवयीनं त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं मला दिसलं. पण ते काही बोलले नाहीत, जेवत राहिले. फोर्कलिफ्टवाल्यानं काहीतरी थट्टा केली, त्यावर काकांनी तमिळमध्ये उलट टोला दिला आणि सगळा बाक हसला. मला तो विनोद समजला नाही.

मीही बाकाच्या टोकाला, होती तेवढ्या जागेत टेकायला गेले. "अय्यो, मॅडम," म्हणत मुकादमबाई उठलीच. मी नको म्हटलं. इथं जागा आहे, मी बाकावरच बसते, असं माझं होतं नव्हतं ते तमिळ वापरून सांगितलं. ती तोवर हॉलकडे गेलीही होती. तिथून तिनं एक प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि बाकापासून थोड्या अंतरावर, दाराच्या वाऱ्याला माझ्यासाठी ठेवली. मग शेजारी हात बांधून उभी राहिली. तिचं ताट बाकावर अर्धं तसंच पडलं होतं, आणि मी बसल्याशिवाय ती जेवायला बसणार नव्हती. मी त्या खुर्चीवर बसले.